सरकीचं क्रिएटिनिन

सरकीचं रक्त मीच मशीनला लावलं आणि रिपोर्टही मीच वाचला. क्रिएटिनिन आठ पॉइंट दोन. मलकापूरच्या एका खासगी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. माणसाचा असा आकडा आला की आम्ही नातेवाइकांना बाजूला घेऊन लगेच डॉक्टरांकडे जायला सांगतो. इथे नातेवाईक मीच होते. मशीन बिघडलं असेल असं ठरवून मी तेच रक्त पुन्हा लावलं. आठ पॉइंट तीन.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून तयार होणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की तो रक्तात साठतो. मांजरात हा आकडा साधारण दोनच्या आत हवा.

सरकी आमची मांजर, अकरा वर्षांची. कापसाच्या जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगावर सापडली, म्हणून हे नाव. घरात मी आणि बाबा दोघंच. बाबा रेल्वेत गेटमन होते, आता घरीच असतात. पण सरकी माझी होती. माझ्या स्कूटीचा आवाज तिला लांबून कळायचा. मी फाटक उघडेपर्यंत ती पायरीवर येऊन बसलेली असायची.

त्या उन्हाळ्यात ती फार पाणी प्यायची. बादलीत तोंड घालायची. इथल्या उन्हात कोण पीत नाही, असं मी म्हणत राहिले. वजन उतरलं तेव्हा म्हातारी झाली म्हटलं. तिच्या तोंडाला लघवीसारखा वास यायला लागला तेव्हा कुठे मी रक्त घेतलं. तुमच्या मांजराचं पाणी असं वाढलं तर उन्हावर ढकलू नका. माझा धंदाच तपासणीचा, आणि मी चार महिने पाहत बसले.

आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर मुख्यतः म्हशी आणि बकऱ्या तपासतात. सरकीला त्यांनी हळुवार पाहिलं आणि सोनोग्राफीसाठी अकोल्याला पाठवलं. तिथला रिपोर्ट घेऊन मी परत त्यांच्याकडे गेले. बाहेर खोड्यात एक म्हैस अडकवलेली होती. तिच्या आवाजानं सरकी पिशवीत थरथरत होती.

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही किडन्या आक्रसल्या आहेत ताई. त्या परत भरून येत नाहीत. आता जितके दिवस आहेत तितके तिला सुखात ठेवा."

मी विचारलं, आकडा खाली आणता येईल का. ते म्हणाले, सलाइननं थोडा येईल. त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं मी तेवढंच घरी आणलं.

हे सलाइन सबक्युटेनियस द्यायचं, म्हणजे कातडीखाली. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, सुई घालायची आणि सलाइन सोडायचं. तिथे लिंबाएवढा फुगा येतो आणि हळूहळू जिरतो. हे मी दिवसातून दोनदा करायचे. जेवत नव्हती म्हणून बिनसुईच्या सिरिंजनं कोंबडी उकडलेलं पाणी तोंडात सोडायचे. युरिमियानं, म्हणजे रक्तात साठलेल्या या विषानं, तोंडात फोड येतात. सिरिंज फोडाला लागली की ती ओरडायची. मी जबडा धरून ठेवायचे. आणि दर रविवारी पायातून रक्त. बाबा तिला टॉवेलात गुंडाळून धरायचे, मी शीर शोधायचे.

तिसऱ्या रविवारी तिच्या शिरा मिळेनात. चार वेळा टोचलं. बाबा म्हणाले, "काऊन टोचून राह्यली तिले? रक्त पाहून काय होते?"

मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. बापाशी मी तशी कधी बोलत नाही.

एव्हाना स्कूटीचा आवाज आला की सरकी पायरीवरून उठून आत जायची. पत्र्याच्या पेटीमागे शिरायची. मी तिला मागच्या पायांना धरून ओढून काढायचे. मी नसताना ती ओट्यावर बाबांच्या मांडीत पडून असायची. बाबा तिला काही देत नव्हते, काही करत नव्हते. नुसता हात ठेवायचे.

मग आकडा उतरला. सहा पॉइंट नऊ. पुढच्या रविवारी पाच पॉइंट एक. लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. घरी येऊन बाबांच्या हातात कागद दिला. ते कागदाकडे न बघता सरकीकडे बघत होते.

"कागदावर बरी असन ते," ते म्हणाले. "अंगावरून हात फिरोला तं हाडं लागून राह्यले."

मी चिडून तिला आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले. शाबासकी हवी होती मला. त्यांनी तिच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "ताई, तुम्ही लॅबवाल्या. क्रिएटिनिन कशापासून तयार होतं?"

स्नायूंपासून. मी हे शिकाऊ पोरींना शिकवते.

"मग स्नायूच उरले नाहीत तर आकडा खालीच येणार," ते म्हणाले. "किडनी सुधारलेली नाही. मांजर संपत आलं आहे." तिला कायमचं झोपवायचं इंजेक्शन त्यांनी तेव्हाच सुचवलं.

मी नाही म्हटलं. टोचणं तरी इथेच थांबवलं असतं तर निदान एवढं लिहिता आलं असतं की मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावरही मी अकरा दिवस सलाइन दिलं. डॉक्टरांकडे गेले त्या सकाळी तिनं आपणहून ताटलीतलं पाणी चाटलं होतं, एवढंच माझं कारण. त्या अकरा दिवसांत तिला नीट उभं राहता येईना. आठव्या दिवशी मी पेटीमागे हात घातला तर ती कडाडून चावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी हात धुतला आणि त्याच हातानं सुई दिली.

बाराव्या दिवशी बाबांनी पिशवीत जुनी लुंगी अंथरली, तिला आत ठेवलं आणि चपला घातल्या. मला म्हणाले, "चाल. नाई तं मी एकटा जातो."

दवाखान्यात टेबलावर मी तिचे पाय धरले. सवयीनं. ती लाकडासारखी ताठ झाली. डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली.

"ताई, तुम्ही बाहेर थांबा," ते म्हणाले. "तुमचा हात लागला की ती घाबरते. बाबांना धरू द्या."

मी बाहेर गेले. बाकावर एक बाई बकरी घेऊन बसली होती. तिनं विचारलं, कोण आहे आत. मी म्हटलं, मांजर. तिनं सरकून मला जागा दिली.

बोलावलं तेव्हा सगळं झालं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दीड महिन्यात पहिल्यांदा तिनं माझ्या हाताखालून अंग काढून घेतलं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं दुखणं असेल तर सलाइन द्या, औषधं द्या, त्यानं आराम पडतो. पण ते जनावर तुम्हाला पाहून लपायला लागलं तर त्या दिवशी डॉक्टरांना विचारा, पुढचं कुणासाठी चाललं आहे. मी विचारलं नाही.

तिला देऊळघाटला मामाच्या शेताच्या बांधावर पुरलं. परतताना बसमध्ये मी बाबांना विचारलं, शेवटी तिनं मला शोधलं का. बाबा कधी खोटं बोलत नाहीत.

"नाई," ते म्हणाले. "मांडीत घेतलं तं निवांत होती."

मी खिडकीकडे तोंड केलं. शेवटच्या पाच मिनिटांत तरी ती निवांत होती. मला बाहेर काढणाऱ्या त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे.