ठोकून घेतलेली बास गिटार

बास गिटार कशी निवडू नये, हे मला विचारा. उभा राहून, हातवारे करून, सगळ्यांचे आवाज काढून सांगेन. सांगता सांगता माझं डोकं फिरेल, फिरू द्या. या गोष्टीचा राग मी इतकी वर्षं लोणच्यासारखा मुरवत ठेवलाय.

ऐंशीच्या दशकात भंडाऱ्यात आमचा ऑर्केस्ट्रा होता. लग्न असो, गणपती असो, बोलावणं आलं की एस.टी.च्या टपावर ड्रम बांधून आम्ही निघालोच. मालक होते पितळी भांड्यांचे व्यापारी, आमचे शेठजी. पैसा त्यांचा, हौस त्यांची, कान मात्र देवाने दुसऱ्याला दिलेले. मी साध्या गिटारीच्या जाड तारांवर बासचं, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या सुरांचं, काम भागवायचो. गायक ऐकू यायचा, ढोलक ऐकू यायची, मी फक्त दिसायचो.

एक दिवस शेठजी म्हणाले, "चाल गा, नागपूरले जाऊ. तुले खरी बास घेऊन देतो."

नागपूरच्या दुकानात दोन बास होत्या. एक लाल, कोणीतरी वापरलेली, कडेचा रंग उडालेला. दुसरी काळी, नवीकोरी, आरशासारखी. मी लाल उचलली. दांडी हातात अशी बसली, जणू माझंच माप घेऊन केली होती. तारा दांडीच्या अगदी जवळ, बोट ठेवलं की सूर. सर्वांत जाड तार छेडली, तर आवाज गोल निघाला आणि विझायचं नावच घेईना. तारेच्या बरोबर मध्यावर दाबून पाहिलं, मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात तंतोतंत निघाला. मग काळी घेतली. दांडी मुसळासारखी. तारा इतक्या उंच की खालून उंदीर गेला असता. सूर निघाला तो चिखलात दगड पडल्यासारखा. वर लालपेक्षा महाग!

"शेठजी, लाल," मी म्हणालो.

"थांब न गा. मले पाहू दे."

आणि त्या माणसाने बोट वाकवून काळ्या गिटारीवर टकटक केलं! आमच्याकडे गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर घेताना, हंडा घेताना ठोकून बघतात. डाग देऊन सांधलेलं भांडं बद्द वाजतं, अखंड भांडं खणखणतं. ते बरोबरच आहे. पण भांड्याचं! शेठजींनी कान लावून काळी ठोकली, लाल ठोकली. मग एका हातात ही, एका हातात ती, असे तराजू होऊन उभे राहिले.

"काळीत माल जास्त आहे."

"शेठजी, ही वजनावर विकत नाहीत."

"काहून नाही? उद्या मोडीत काढली तर हलकीले कोण विचारते?"

दुकानदार तोंड दाबून हसत होता. त्याने "शेठ, आपकी नजर एकदम पक्की," म्हणून काळी बांधायलाही घेतली. गिऱ्हाइकाला वाजवता येत नाही हे ओळखून महागातला माल खपवणाऱ्या त्या माणसावर माझा शेठजींपेक्षा जास्त राग आहे. शेठजी निदान मूर्ख होते, प्रामाणिकपणे मूर्ख होते.

पहिला कार्यक्रम मोहाडीला, एका लग्नाच्या मांडवात. चौथ्या गाण्यापर्यंत डाव्या हाताची बोटं सोलली. पट्टा खांद्यात रुतला. आणि आवाज? पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "डब्याले काही झालं का बापा? घरघरून राहिला."

डबा म्हणजे स्पीकर. झालं! माझा तोल सुटला. मी बास उतरवली, स्टेजच्या कडेला कौतुकाने उभ्या असलेल्या शेठजींच्या गळ्यात घातली आणि माइकवर म्हणालो, "आता आमचे मालक वाजवतील!"

वाटलं, माणूस लाजेल. माणूस पुढे आला, बोट वाकवलं आणि गिटारीवर ठोकलं. स्पीकरमधून असा धूम आवाज निघाला की मांडवाच्या झालरी हलल्या. लोकांनी टाळ्या पिटल्या. शेठजींनी पुन्हा ठोकलं. पुन्हा टाळ्या! पुढची दोन गाणी तेच ठोकत होते आणि मी, बास वाजवणारा, बाजूला खुळखुळा हलवत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या भांड्यांच्या दुकानात गेलो, तर त्यांच्या खांद्यावर बामाचा थर.

"भारी आहे बे ते."

"माल जास्त आहे न, शेठजी."

"गुंड कोणी गळ्यात घालून फिरते का? तुयी लालच बरी होती. उद्या जातो, बदलून आणतो."

मी सोबत येतो म्हणालो. "तू काहून? मले समजलं आता," म्हणून एकटेच गेले. मी दिवसभर एस.टी. स्टँडवर. संध्याकाळी बसमधून उतरले, चेहरा असा फुललेला.

"ते लाल विकल्या गेली होती गा. पण फिकर नको करू."

कापड सोडलं. आत लालभडक, नवीकोरी बास. मी उचलायला गेलो, तर एका हाताने उचलेना.

"लाल पाहिजे होती न तुले? ही काळीपेक्षा दणकट आहे. मी सोता ठोकून पाहिली."

पुढची पाच वर्षं मी ती वाजवली. बोटांवरचे घट्टे अजून आहेत. या, दाखवतो. आणि मोहाडीचे लोक भेटले की आजही विचारतात, तुमच्या पार्टीत तो ठोकून वाजवणारा फार भारी कलाकार होता, तो कुठे असतो आता?