रेंज आली की बघू

परदेशातून आणलेली चॉकलेटं आठवड्यात संपतात, किस्से मात्र दर खेपेला वाढतच जातात. आम्ही चौघं एकाच कंपनीत. साखर कारखान्यांना कंट्रोल सिस्टिम बसवून देणं हे आमचं काम. चौघंही बीड जिल्ह्यातले. मी तेलगावचा, नाना मांजरसुंब्याजवळचे, रफिक बीड शहरातला आणि दत्ता घाटनांदूरचा. पाठीवर लॅपटॉप टाकायचा, आफ्रिकेतला एखादा कारखाना सुरू करून द्यायचा आणि सीझन संपला की परत. सुट्टीत जमलो की मांजरसुंब्याच्या धाब्यावर बसतो. हसतो लई. पण यातली एकही गोष्ट घडली तेव्हा कुणाला हसू आलं नव्हतं.

*

नाना आमच्यात सगळ्यात सीनियर, फिटरचे सुपरवायझर झालेले. त्यांचा पहिलाच परदेश. तिथल्या एअरपोर्टवर अधिकाऱ्यानं बॅग उघडली आणि लॅपटॉपवर बोट ठेवून विचारलं, यात काय आहे? नानांनी विमानात इंग्रजी घोकून ठेवलेलं. छाती पुढं काढून म्हणाले, "फुल शुगर फॅक्टरी, सर!"

झालं! अधिकाऱ्यानं साहेबाला बोलावलं, साहेबानं मोठ्या साहेबाला. कारखाना आणलाय, तर त्याचे कागद कुठायत? नानांना बाकावर बसवलं ते संध्याकाळपर्यंत. इकडचं सिम तिकडं मुकं. एअरपोर्टचं वायफाय ओटीपी मागायचं, आणि तो येणार त्याच मुक्या सिमवर. घरी त्यांची बायको, आमच्या मामी, फोन हातात धरून उपाशी बसलेल्या.

शेवटी कंपनीचा माणूस आला आणि सुटका झाली. नानांनी त्याच्या फोनवरून घरी फोन लावला.

"पोचलात का ओ?"

"पोचलो. पर हितल्या लोकांचं म्हणणं हाय, मी न्हाई, कारखानाच आलाय!"

मामी हसल्या नाहीत. रडायलाच लागल्या.

*

याच मामींचं पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. "मी हाय ना, मीच नेतो," असा शब्द नानांनी दिलेला. पण तिकडं कारखान्याची ट्रायल लांबली आणि नाना अडकले. ऑपरेशन झाल्यावर लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावला. मामींच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

नानांनी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नव्हती. त्या दिवशी मागितली. चुकलो म्हणाले, आल्यावर कुठं जाणार न्हाई म्हणाले. बोलता बोलता रडले. मी शेजारच्या खाटेवर, भिंतीकडं तोंड करून पडलेलो.

मामींनी उरलेल्या डोळ्यानं बराच वेळ बघितलं आणि कॉल कट केला.

मग सुनेचा फोन आला. "मामंजी, तुमी म्यूटवर व्हतात. आत्याबाईंना वाटलं, तुमी नुस्तं तोंड हलवून त्यांना खिजवताव!"

आम्ही म्हणालो, नाना, परत लावा, परत बोला. नानांनी लॅपटॉप मिटला. "जल्मात पैल्यांदा माफी मागितली, ती बी म्यूटवर! आता दुसऱ्यांदा न्हाई जमायचं मला."

मामींची पट्टी केव्हाच निघाली. व्हिडिओ कॉलवर मात्र त्या आजही येत नाहीत.

*

एका साइटवर रेंज फक्त बगॅसच्या ढिगावर यायची. बगॅस म्हणजे उसाचा रस काढून उरलेलं चिपाड. त्याची ही एवढी मोठी टेकडी! तिथं बसून रफिकनं पोरगी बघितली. इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप डोक्यावर धरून वर चढला. वारं सुटलेलं, केसांत भुसा.

अंबाजोगाईहून पोरीच्या बापानं पहिलाच प्रश्न टाकला, "लडका कचरे पे कायकू बैठा है?"

"चाचा, रेंज यहींच आती!"

मग पोरीकडं फोन गेला. तिनं एकच विचारलं, हळू आवाजात. "वहां करमता क्या तुमको?"

रफिक म्हणतो, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तो बोलायला लागला आणि नेमकं चित्र अडकलं. तोंड उघडं, कपाळाला भुसा चिकटलेला. त्याचा आवाज तिकडं जात नव्हता, तिकडचा मात्र इकडं येत होता. अख्खं घर त्याच्या तोंडाला हसत होतं, ते त्यानं पूर्ण ऐकलं.

दोन दिवसांनी निरोप आला. "रेंज आली की बघू."

तिचं लग्न दुसरीकडं झालं. तिला द्यायचं उत्तर काय होतं, ते रफिक आम्हालाही सांगत नाही.

*

माझी लेक. त्या खेपेला लागोपाठ दोन सीझन तिकडंच काढले; मी गेलतो तेव्हा रांगत होती, आलो तेव्हा पळत होती. रोज फोनवर माझ्याशी गप्पा मारायची, पप्पी घ्यायची, स्क्रीन पार ओली करायची. म्हटलं, दारात पाय ठेवला की झेप घेणार.

दारात मला बघितलं आणि किंचाळून आईच्या मागं लपली. चॉकलेट नको, बाहुली नको. संध्याकाळ झाली तरी जवळ येईना.

शेवटी बायको म्हणाली, "तुमी ओसरीवर जाऊन व्हिडिओ कॉल करा बरं."

केला. स्वयंपाकघरातून पोरीचं खळखळून हसणं ऐकू आलं. एकदा भिंतीपलीकडून, एकदा फोनमधून.

"बाबा, आमच्या घली एक मानूस आलाय," ती म्हणाली. "तू कदी येनाल?"

*

आता दत्ताचं.

दत्ताचे वडील शेळ्या राखायचे. शेळ्या कोंडून झाल्या की रोज शेजारच्या पोराला फोन लावायला सांगायचे. फोन ओट्यावरच्या खांबाला टेकवायचा आणि समोर वाखाचे धागे घेऊन शेळ्यांची दावी वळत बसायचं. बोलायचं काहीच नाही. दत्ता लॅपटॉपवर ते चित्र कोपऱ्यात ठेवून आपलं काम करायचा.

सुरुवातीला दत्ता म्हणायचा, "आबा, बोला की काईतरी."

"दिसतूस की तू. बोलायचं काय त्यात?"

असं तास तास चालायचं. दत्ताची माय आतून ओरडायची, "कावून बसताव मुक्यावानी? त्या डब्ब्यात काय ठिवलंय?" ती स्वतः कधी फोनसमोर आली नाही. तिला त्याची भीतीच वाटायची.

आबा गेले ते अचानक, रानातच. दत्ता पोचला तेव्हा राख सावडायची तेवढी राहिली होती. दहावं-तेरावं झालं आणि तो परत साइटवर आला. कारखाना चालू होता, थांबणं शक्य नव्हतं.

आल्यावर पहिल्याच दिवशी, नेहमीच्या वेळेला, लॅपटॉप वाजला. स्क्रीनवर आबांचं नाव. दत्ता खुर्ची मागं सरकवून उभाच राहिला. शेजारच्या टेबलावरून उठून मीच बटन दाबलं.

ओट्यावर माय होती. फोन कुणीतरी लावून दिला असणार. पदर सावरून, सूप पुढ्यात घेऊन ज्वारी पाखडत होती. वर बघत नव्हती.

"माय? काय झालं?"

"काय न्हाई."

"मग फोन कावून लावला?"

तिनं सूप खाली ठेवलं. दोन्ही हातांनी फोन जरा सरळ केला.

"कर तू तुजं काम. मी हाय हितं."