सायलीचा कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. चर्चमध्ये कुमसाराला गुडघे टेकले तेव्हाही फादरना बारीकसारीक पापं सांगून उठले — हे तेवढं गिळलं. आज तुम्हाला सांगते. पण रडायला बसलेली नाही मी, हे आधीच ऐकून ठेवा.

पापडीत माझी शाळा आहे, स्वमग्न मुलांची. मीच काढली, मीच चालवते. लोक शाल घालतात, म्हणतात, "टीचर, या मुलांच्या मनातलं तुम्हाला कळतं तरी कसं हो?" कसं कळतं? अहो, मी त्यांच्यातलीच आहे! मीही स्वमग्न. आनंद झाला, गलका वाढला की माझे हात फडफडायला लागतात — पन्नाशी उलटली तरी, न्हाणीघरात कडी लावून. वाचून भुवया उंचावल्या? उंचावू देत. तो काही माझा गुन्हा नाही, आणि ज्याला तसं वाटतं त्यानं माझा उंबरा चढू नये.

गुन्हा वेगळाच आहे. येते, त्याच्यावरच येते.

लहानपणी चर्चमध्ये मिस्साला गायन सुरू झालं की माझे हात उठायचे. आई पटकन धरायची, जोडायची. म्हणायची, "हात जोड, बाय. जोडलेल्या हातांना कोण नावं ठेवत नाय." खरंच कुणी ठेवली नाहीत. सगळ्या गावाला वाटलं, पोरगी काय भाविक! भक्ती कसली डोंबलाची? आतल्या आत जीव घुसमटायचा.

तीच युक्ती मी शाळेत आणली. मुलाचे हात उठले की बाईंनी म्हणायचं, "नमस्कार!" मूल हात जोडायचं. पाहुणे खूश — काय संस्कारी मुलं! दुसऱ्या शाळांच्या बाया बघायला येऊ लागल्या आणि मी फुगले. त्या मुलांना आत काय होतंय, हे मला कळत नव्हतं? मला नाही कळणार तर कुणाला?

सायली आमच्या शाळेतली, कामण गावची. तिची आई नीता तिकडच्या गोदामात पॅकिंगला जाते. सायली बोलत नाही. जे काय बोलायची ते हातांनीच. भूक लागली की पोटावर थापटायची, नको असलं की कान झाकायची. आम्ही त्या प्रत्येकाचा नमस्कार करून टाकला. वर्षभरात पोरगी एकदम शहाणी झाली — असं आम्ही म्हणायचो.

संमेलनाच्या दिवशी ती पुढच्या रांगेत उभी होती. मान खांद्याकडे कलत होती, डोळ्यांत पाणी. मी पाहिलं. नीट पाहिलं. दुखायला लागलं की माझीही मान तशीच जाते. आणि तिचा हात वर जायला लागला तेव्हा मी — समोर पाहुणे होते ना — ओठांनीच म्हटलं, नमस्कार. तिनं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी कानातून पू आला. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, बरेच दिवस ठणकत असणार.

नीता धावत आली. "टीचर, कान एवढा दुखत व्हता, तं पोरीनं हात का नाय लावला कानाला?"

आणि मी — आता लिहितेच — मी शांतपणे म्हटलं, "या मुलांना दुखणं फारसं जाणवत नाही, नीता."

खोटं. धडधडीत खोटं! दार आपटलं तरी ज्या बाईच्या अंगातून कळ जाते, तिनं हे म्हणावं? नीताचा चेहरा मात्र सैल पडला. म्हणाली, "बरं झालं बाय. म्हंजे पोरीला तरास नाय झाला."

नंतर नमस्कार मी गुपचूप बंद केला. मुलांना हातांनी बोलू द्यायची नवी पद्धत आणली म्हणून त्याचीही शाल मिळाली. घेतली मी.

सायलीला त्या कानानं ऐकू येत नाही. आणि नीता? नवे आईबाप आले की तीच त्यांना धीर देते — "घाबरू नका, यांना दुखत नाय, टीचरनीच सांगलंय." गेल्या आठवड्यात एका चिमुरडीचं बोट दारात चेंगरलं. नख काळंनिळं. आईनं दोन दिवस डॉक्टरकडे नेलं नाही. मी ओरडले तर मलाच म्हणते, "पण यांना दुखत नाही ना, टीचर?"

माझंच वाक्य. माझ्याच शाळेत.

शाळेचं काय व्हायचं ते होवो, खुर्ची जायची तर जावो. पण बोलणार. उद्या कामणला जाते, नीताच्या घरी. माझ्या आईवर ढकलणार नाही, पाहुण्यांवर ढकलणार नाही. माफीही मागणार नाही — मागितली की ती देण्याचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर. दारात उभी राहून एवढंच सांगेन: नीता, तुझ्या पोरीला दुखत होतं. ती सांगत होती. मी तिला सांगू दिलं नाही. आणि किती दुखत असेल, ते मला ठाऊक होतं.