पॉलिटेक्निकची मुद्रा

कागद जाड होता, सायीच्या रंगाचा. त्याच्या कोपऱ्यातली उठावदार मुद्रा अंगठ्याला हलकेच खुपत होती. काचेबाहेर निलगिरीची साल उन्हात सोलून लोंबत होती, आणि ऑस्ट्रेलियातल्या क्लेटनच्या त्या प्रसन्न दुपारी नायजेरियातल्या एका पॉलिटेक्निकचं प्रमाणपत्र हातात धरून मी सुन्न बसले होते.

युनिमध्ये, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत, परदेशी पदव्या तपासणं हे माझं काम. हे प्रमाणपत्र एन्गोझीचं; तिचा मास्टर्सचा अर्ज मी आठवड्यापूर्वीच ‘अपात्र’ ठरवून मोकळी झाले होते. प्रत्येक देशाची शिक्षणव्यवस्था समजावणारं टिपण आधी वाचायचं, हा आमचा नियम. मी ते उघडलंच नाही. पॉलिटेक्निक म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायचं? दहावीनंतरचा डिप्लोमा! सोलापूरला मी तोच केला. माझे वडील, अण्णा, तिथल्याच वर्कशॉपमध्ये लेथखालचा लोखंडी कीस झाडायचे, आणि आमच्या कुळात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हा अभिमान मी कधी लपवला नाही, लपवणारही नाही.

पण एन्गोझी मूळ कागद घेऊन समोर आली. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, “मॅम, बारा वर्षं शाळा. मग दोन वर्षं डिप्लोमा, एक वर्ष कारखान्यात, पुन्हा दोन वर्षं हायर डिप्लोमा. यातली कुठली वर्षं तुम्ही धरली नाहीत?”

मी टिपण उघडलं. विद्यापीठं, महाविद्यालयं, पॉलिटेक्निक्स. एका विशाल देशाच्या ज्ञानमंदिराचे किती वेगवेगळे जिने! आणि खाली स्वच्छ लिहिलेलं, की हायर डिप्लोमा आणि नोकरीचा अनुभव असलेला अर्ज प्रवेश समितीपुढे ठेवावा. तिचा पाणीपुरवठ्यातला सात वर्षांचा अनुभव अर्जातच होता. समितीची या सत्रातली शेवटची बैठक दुसऱ्या दिवशी होती.

“आमच्याकडेही युनिव्हर्सिटीवाले आम्हा पॉलिटेक्निकवाल्यांना अर्धेच धरतात,” ती म्हणाली. “वाटलं होतं, इथे तरी कुणी वाचून बघेल.”

काय सांगू तुम्हाला! डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा सरांनी हजेरीआधीच फर्मावलं होतं, “डिप्लोमावाले, मागे बसा.” ते वाक्य मी इतकी वर्षं निखाऱ्यासारखं जपलं. आणि ज्या हाताने जपलं, त्याच हाताने एका बाईला न वाचताच मागच्या बाकावर बसवलं? अपमान सोसलेलं माणूस अपमान ओळखतं, असं मी समजत होते. कसलं काय!

चूक सांगायला गेले तर माझ्या मॅनेजरने खांद्यावर थाप मारली. “नो वरीज, मेट. कारण ‘सिस्टिम एरर’ टाक, अर्ज पुन्हा उघडेल.” किती सोपं, किती मऊ! क्षणभर बोट त्या पर्यायावर थांबलंही. मग मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘तपासणाऱ्याने टिपण वाचलं नाही’, आणि खाली माझं पूर्ण नाव, अण्णांच्या नावासकट.

अर्ज समितीकडे गेला. एन्गोझीने कागद परत मागितला. देताना माझा अंगठा पुन्हा त्या मुद्रेवरून फिरला. घरी भिंतीवर माझी पदवी आहे. तिची मुद्राही अशीच खुपते, पण ती काचेआड लावल्यापासून तिला हात लावायचं मी विसरूनच गेले होते.