कोरडे केस

बक्षीस हातात पडल्यावर मेंदूत काय होतं, यात मला फारसा रस नव्हता. ते मिळणार हे कळल्यापासून प्रत्यक्ष मिळेपर्यंतच्या क्षणांत काय होतं, यावर माझी पीएच.डी. अडकली होती. आम्ही माणसाला एमआरआयच्या बोगद्यात झोपवायचो. समोर पिवळं वर्तुळ दिसलं की थोड्या वेळाने नळीतून कोकम सरबताचा घोट येणार. करडं दिसलं की काही नाही. मेंदूचा कुठला भाग जागा झाला ते एमआरआय दाखवतं, पण नेमकं केव्हा ते त्याला धड सांगता येत नाही. ते ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर चढवायच्या तारांच्या टोपीवरून कळतं, पण तिला कुठे ते सांगता येत नाही. म्हणून दोन्ही एकदम. एकाच्याच सांगण्यावर विसंबायचं नाही, हा माझा स्वभावच आहे.

माझे मार्गदर्शक सर म्हणत होते, कॉलेजची मुलं घे, काम झटपट उरकेल. मी ऐकलं नाही. वाट बघण्यावर प्रबंध लिहायचा आणि जन्मभर नळाची, एसटीची, कामावर नेणाऱ्या टेंपोची वाट बघणाऱ्यांनाच बाहेर ठेवायचं, हे मला पटेना. पळसदरीजवळच्या आमच्या गावातून मी आईला आणि आळीतल्या बायकांना इस्पितळात घेऊन आले. सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, आणि सगळ्यांच्या डोक्याला चापून तेल. तेलावर टोपीचं काही चालत नाही. पडद्यावर रेघांचा नुसता गुंता. पुढच्या वेळी नुसतं न्हाऊन या, तेलाला हात लावू नका, असं मी सगळ्यांना बजावलं.

यंत्र एरवी इस्पितळाच्या रुग्णांसाठी, आमच्या वाट्याला फक्त रविवार. पुढच्या रविवारी आई एकटीच आली. केस धुतलेले, आणि वर पुन्हा तेल. माझं डोकंच फिरलं. इतकी साधी गोष्ट सांगितली होती, म्हणून मी तिच्यावर चिडले.

ती खाली बघत म्हणाली, "सुतकात आसल्यासारखे कोरडे केस घेऊन घराभायेर कशी पडू गं? तुज्या चांगल्या कामाला निघाले होते ना."

बाकीच्या का आल्या नाहीत, तेही मग कळलं.

मी तिला बेसिनपाशी वाकवलं, शांपूने केस खसाखसा धुतले, पंख्याखाली वाळवले आणि टोपी चढवली. पुढच्या काही दिवसांत रेघांत मिसळलेला यंत्राचा गोंगाट पुसून काढल्यावर आईची रेघ स्वच्छ दिसली. पिवळ्या वर्तुळानंतर, घोट यायच्या आधीच, ती हळूहळू वर चढत होती. मला नाचावंसं वाटलं. पण सर म्हणाले, एका आईवर प्रबंध होत नाही. येत्या रविवारी बायका आल्या तर ठीक, नाहीतर कॉलेजची मुलं.

मी गावात जाऊन सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं. डोक्याला तेल असेल तर तुमचं काहीच नोंदलं जाणार नाही, आणि तुम्हाला वगळून हे काम मला करायचं नाही. आईने विषय बदलून चहा टाकला.

रविवारी सकाळी कर्जत स्टेशनबाहेर मी उभी होते. टमटममधून आधी आई उतरली, मग एकेक करून सगळ्या. सगळ्यांचे केस कोरडे, वाऱ्यावर भुरभुरणारे. मला हसावं की धावत जाऊन मिठी मारावी, कळेना. पुलाच्या जिन्यापाशी भाजी विकणारी ओळखीची बाई टोपली सोडून उठली. आईच्या पाठीवर हात ठेवून तिने हळूच विचारलं, कोण गेलं?

आई थांबली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोन नाय गेलं. आमच्या पोरीचं काम हाय, म्हनून आमी अशा निघालोय."

आणि जिना चढू लागली. मागून बाकीच्या, डोक्यावर पदर न घेता, मान ताठ ठेवून. मला पायऱ्या नीट दिसेनात, तरी मी त्यांच्यामागून भराभर चढले. यंत्र अकरा वाजता मिळणार होतं.