न आलेली अठरा कार्डं

मध्य भारत हे वेगळं राज्य होतं तेव्हाची, आमच्या इंदुरातली गोष्ट. संक्रांतीचा आदला दिवस, रक्कम साठ रुपये. हजर होतो मी, आमची सौ., वैद्यजी आणि नर्सिंग शिकणारी थोरली मुलगी. त्या साठ रुपयांत सौ.च्या दम्यावर वैद्यजींचं तीन महिन्यांचं औषध घ्यायचं होतं. त्यांनी बरं झालेल्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ठेवला.

मुलीनं विचारलं, "वैद्यजी, ज्यांना गुण आला नाही, त्यांच्या चिठ्ठ्या?"

"बेटी, अशी चिठ्ठी कोण लिहितं?" ते हसले. पण माणूस सरळ. गेल्या वर्षीच्या रोग्यांची वहीच त्यांनी तिला दिली. नावं बत्तीस.

आम्ही बत्तीस जवाबी कार्डं टाकली, उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेली. चौदा उत्तरं आली, त्यांत बारा जणांना आराम. मी हिशेब तपासनीस; लगेच म्हणालो, "चौदात बारा. पैसे देऊन टाकू."

"दादा, अठरा कुठे धरले?" मुलीनं मला विचारलं.

"उत्तरच नाही, तर धरू कसे?"

"ऑफिसात अठरा पावत्या मिळाल्या नाहीत, तर हिशेब पास कराल?"

सौ. खोकत खोकत हसली. "आज सापडलात बरं!"

पुढचे चार रविवार मुलगी त्या अठरा घरी गेली. बहुतेक घरं इंदुरातच होती, तीन देपालपुरची. तिथल्या एका म्हातारबांच्या कोनाड्यात कोरं कार्ड तसंच होतं. म्हणाले, "फायदा काही झाला नाही. पण भले माणूस आहेत, त्यांच्याविरुद्ध कशाला लिहायचं?" अठरातल्या सोळा जणांचं हेच म्हणणं. आराम फक्त दोघांना.

म्हणजे बत्तीसात चौदा. त्यावरही मुलगी म्हणाली, "थंडी सरली की औषधावाचूनही काहींचा दमा उतरतो. ते किती, हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून औषध खोटं असंही मी म्हणणार नाही. पुरावा नाही, एवढंच."

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढत आलो. माझी चूक घरात निघाली आणि मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो.

निर्णय सौ.चा होता. ती म्हणाली, "मी हिच्या इस्पितळात दाखवते. तिथल्या डॉक्टरांनाही हिला हेच विचारू दे."

वैद्यजींना वही परत केली, सोबत बत्तीस जणांचा तक्ता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि ठेवून घेतला. साठ रुपये घरातच राहिले. जवाबी कार्डांचे तीन रुपये पोस्टाला गेले, आणि देपालपुरच्या मोटारीचं भाडं, एक रुपया चार आणे, मुलीला दिलं.