मावशींची बातमी

आमच्या नायगावच्या प्राथमिक शाळेत दर सोमवारी दारावरची पट्टी बदलते. या आठवड्याचं मूल्य: स्वच्छता. या आठवड्याचं मूल्य: सत्य. मी सांगतेय त्या आठवड्यात होतं कृतज्ञता. मूल्य सोमवारी चढतं, शनिवारी उतरतं. मधल्या दिवसांत त्याचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही. माझ्या पहिल्या तुकडीतली मुलं आता पालक म्हणून फाटकाशी येतात, इतकी वर्षं मी इथे शिकवतेय. मीही कधी विचारलं नव्हतं.

परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार झाला की एक मूल माइकवर बातमी वाचतं. त्या सोमवारी पाळी माझ्या चौथीतल्या एका मुलीची होती. बीडीडी चाळीतली, तोंडाने फटकळ, अक्षर मात्र देखणं. तिने वही उघडून खणखणीत वाचलं, "आपल्या शाळेच्या मावशींना शनिवारनंतर येऊ नका असं सांगितलं आहे. त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं येणार आहेत. मावशी आमच्या शेजारी राहतात. त्या काल रडत होत्या."

मावशी व्हरांड्यात घंटेजवळच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. घंटा देणारी, वर्ग झाडणारी, पहिलीतल्या पोरांच्या ओल्या चड्ड्या कधी नाक न मुरडता बदलणारी ही बाई चालली होती, आणि मला हे एका दहा वर्षांच्या मुलीकडून कळत होतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, माइक काढून घेतला.

"ही बातमी नाही. बातमी छापील लागते. कात्रण कुठंय?"

"कात्रण नाही, बाई. पण खरी आहे."

"जा, रांगेत उभी राहा."

कात्रण म्हणे! आमची पोरं कात्रणं आणतात ती वडापावच्या कागदाची. कुठल्याशा नटाचं लग्न, तेही महिनाभर शिळं. ते चालतं. छापलंय ना! माझी कानशिलं तापली. आणि मी केलं काय? चौथीची रांग सरळ केली.

मुलगी माझ्यासारखी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. त्यांच्या चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फळा आहे. पाणी कधी येणार, कोण वारलं, घरं खाली करायची सभा कधी, सगळं त्यावर खडूने लिहितात. संध्याकाळी तिने मंडळाच्या काकांकडून खडू मागून घेतला आणि तीच बातमी तिथे उतरवली. खाली एक ओळ वाढवली: शनिवारी शाळा सुटायच्या वेळी सर्वांनी यावे.

शनिवारी फाटकाशी ही गर्दी! आया, आज्या, ड्युटीवरून थेट आलेला माझा एक जुना विद्यार्थी, अंगावर पोलिसाची वर्दी. कुणी साडी आणली होती, कुणी नारळ. मोठ्या बाईंनी गर्दी पाहिली आणि क्षणात रंग बदलला. खुर्ची बाहेर आली. दारावरची कृतज्ञता काढून खुर्चीच्या मागे बांधली. फोन तयार झाला.

"मावशी, बसा ना इथे. फोटो काढू."

मावशींनी साडी बगलेत घेतली, नारळ पदरात बांधला. खुर्चीकडे एकदा पाहिलं.

"बसूक माका वेळ नाय. घंटा मारूची आसा."

आणि गेल्या. घंटा झाली, नेहमीसारखी वेळेवर. पोरं खुर्चीकडे ढुंकूनही न बघता मावशींकडे धावली आणि त्यांच्या कमरेला बिलगली.

फोटो तरीही निघालाच. मोठ्या बाई, आम्ही सगळ्या शिक्षिका, मागे कृतज्ञतेची पट्टी, मध्ये रिकामी खुर्ची. शाळेच्या फेसबुक पानावर त्याखाली लिहिलंय, 'आमचे संस्कार'. त्या फोटोत मी हसतेय, याची मला आजही चीड येते.

पुढच्या सोमवारी पट्टी आली शिस्तीची. घंटा एका अनोळखी माणसाने दिली. बातम्यांच्या यादीतून त्या मुलीचं नाव कापलेलं होतं, लाल पेनाने. परिपाठ संपल्यावर ती वर्गात माझ्या टेबलाशी आली.

"बाई, मी खोटं वाचलं होतं का?"

"नाही गं. खरं होतं," मी म्हणाले.

म्हणाले ते वर्गाचं दार लोटून, हळू आवाजात. माइक बाहेर अंगणात होता. आदल्या सोमवारी तो माझ्यापासून चार पावलांवर होता.